मोडीतली मोटार आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणावळे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावर बहुधा शिक्षणफंड, वसतिगृह, वधूवर-परिचय असे विषय यावयाचे. त्यांचे महत्त्व मी मुळीच कमी लेखीत नाही. परंतु या वर्षी कार्यकारी मंडळाने मला ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो ऐकून काही भगिनींना हसू आल्यास नवल नाही. विषय आहे भंगाराचा. जुन्या मोटारीचे आणि तिच्या सुट्या भागांचे पुढे काय करावे, हा तो प्रश्न. लग्नाच्या हंगामात जमलेल्या नातेवाइकांपुढे बोलण्याचा हा विषय नव्हे, हे मलाही कळते. तरी पण लोखंडावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या आपल्या समाजाने ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा नाही, तर मग तो कोणी करावयाचा?

आपल्या घरांतील कर्त्या माणसांची गणती मनातल्या मनात करून पाहा. कोणी कामशेतला गॅरेज चालवतो, कोणी वडगावला वेल्डिंगचे दुकान घातले आहे, कोणी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर आहे, तर कोणाचा टेम्पो पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर धावतो. नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांत अजूनही एखाद्या घरी भाता आणि ऐरण आहे. म्हणजे मोटार जन्माला घालणारे, तिला चालती ठेवणारे आणि अखेर तिचे लोखंड हाताळणारे असे तिन्ही प्रकारचे लोक ह्या मांडवात बसलेले आहेत. म्हणून हा विषय परका नाही.

प्रारंभीच एका जुन्या शब्दाची आठवण करून देतो. आपल्या आया-आज्या तांब्यापितळेची भांडी ‘मोडीत’ घालीत असत. गळका हंडा किंवा पोचा पडलेली कळशी घेऊन कासाराच्या दुकानी जावयाचे. तो ती तराजूत घालून वजन करी, मोडीचा भाव सांगे, आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करी. जुना हंडा कोणी ओढ्यात टाकून देत नसे. मोडीचा हा व्यवहार चोख होता. वस्तू कोणाची, वजन किती, ती कोठे गेली आणि तिच्या बदल्यात काय मिळाले, हे सर्व उघड असे. मोटारीसंबंधाने आज मी जे सांगणार आहे, ते एवढ्या एका गोष्टीत सामावलेले आहे. मोटार हीदेखील मोडीची वस्तू आहे, आणि तिची मोड तितक्याच चोखपणे झाली पाहिजे.

आपले पूर्वज बारा बलुतेदारांपैकी एक. नांगराचा फाळ शेवटून द्यावा, विळ्याला दाते पाडावेत, कुदळीला पाणी द्यावे, आणि खळ्यावर भाताचे बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता. त्या काळी लोखंडाचा तुकडा वाया घालवणे म्हणजे अन्नाचा घास वाया घालवण्यासारखे होते. झिजलेल्या फाळाचे खुरपे होई, खुरप्याचा खिळा होई. पुढे घाटातून मोटारलॉऱ्या धावू लागल्या आणि लोहाराच्या हाती एक नवी वस्तू आली. ती म्हणजे लॉरीच्या कमानीचा पाटा. पाटा तुटला म्हणजे लॉरीवाल्याच्या लेखी ती अडगळ. परंतु लोहाराच्या लेखी ते तयार पोलाद होते. मावळात भात कापणारा विळा, ऊसपट्ट्यात ऊस तोडणारा कोयता, लाकूड फोडणारी कुऱ्हाड, ही सारी हत्यारे आज कित्येक ठिकाणी ह्याच पाट्यातून घडतात.

असे का व्हावे, ह्याचे शास्त्र तरुणांनी समजून घेण्याजोगे आहे. कमानीचे पोलाद सिलिकॉन आणि मँगनीज मिसळून केलेले असते, आणि त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा अर्ध्याहून थोडे अधिक असते. म्हणून ते तापवून पाणी दिले असता कठीण होते, आणि पुन्हा बेताने शेकले असता त्याचा ठिसूळपणा जाऊन धार टिकते. दरवाजाचा किंवा बॉनेटचा पत्रा कितीही तापवा आणि कितीही वेळा पाण्यात बुडवा, त्याला धार म्हणून येणार नाही. कारण त्यात कर्ब अत्यल्प असतो. गुंडाळीच्या स्प्रिंगेची छिन्नी चांगली होते. बेअरिंगच्या कड्यात कर्ब शेकडा एकाच्या आसपास असून क्रोमियमही असते, म्हणून ते फार कठीण. परंतु त्याला नीट शेक दिला नाही तर ते काचेसारखे तडकते. बिडाचा ब्रेकड्रम ऐरणीवर ठेवून ठोकू नये; तो फुटावयाचा, वाकावयाचा नाही. सानेच्या दगडावर उडणारी ठिणगी पाहून कोणते लोखंड काय कामाचे आहे, हे सांगणारी माणसे आपल्यात होती आणि काही अजून आहेत. ही विद्या पुस्तकी विद्येहून हलकी नाही. मोटारीच्या प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा मार्ग असतो, आणि तो मार्ग ओळखणे हीच आपली मूळ कारागिरी होय.

आता आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिच्याकडे वळू. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चालू लागली, आणि २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्णपणे सुरू झाला. १८३० सालचा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिल महिन्यात पाडण्यात आला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. दोन शतके दख्खन आणि कोकण ह्यांच्यामधील वाहतूक आपल्या दारावरून चालली आहे. घाट चढताना इंजिने तापतात, उतरताना ब्रेक झिजतात, आणि अपघातही होतात. खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा जी गॅरेजे उभी राहिली, ती ह्याच कारणाने. ह्या वाहतुकीने आपल्याला भाकरी दिली. आणि तिचा गाळही आपल्याच अंगणात साचला.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. गॅरेजच्या मागील बाजूस सांडलेले तेल, उघड्यावर पडलेल्या बॅटरीतले आम्ल, गंजलेल्या पत्र्यावरचा कीट, हे सर्व जूनच्या पहिल्या झडीबरोबर ओढ्याला लागते. ओढा मिळतो इंद्रायणीला. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते आणि देहू-आळंदीवरून जाऊन तुळापुरास भीमेला मिळते. पवनेचे पाणी तर पिंपरी-चिंचवडच्या लाखो लोकांच्या घरांत जाते. ज्या भाताला ‘इंद्रायणी’ हे नाव मिळाले, ते वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानेच तयार केले. आपण नदीच्या उगमाशी राहणारे लोक आहोत. खालच्या गावाने पाणी खराब केले तर त्याचा त्रास त्याहून खालच्या गावाला. आपण केले तर तो सर्वांना. नदीच्या प्रदूषणाला मोठमोठी कारणे आहेत, हे मी जाणतो. परंतु दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून आपला लहान दोष माफ होत नाही.

आता मोटारीच्या एकेका भागाचा विचार करू. मोडीस निघालेल्या मोटारीच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लोखंड आणि पोलाद असतो. त्याची काळजी फारशी नको. लोखंडाला गिऱ्हाईक आहे. आपल्याच महाराष्ट्रात जालन्याच्या विजेच्या भट्ट्या मोडीचे लोखंड वितळवून त्यापासून बांधकामाच्या सळया तयार करतात. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियम ह्याहूनही मोलाचे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करावयास जी ऊर्जा लागते, तिच्या शेकडा पाच इतक्या ऊर्जेत जुने वितळवून घेता येते. १९९५ नंतर आपल्या देशात पेट्रोलच्या गाड्यांच्या धुराड्याला जो उत्प्रेरक डबा बसवू लागले, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा अंश असतो. तो डबा पत्र्याच्या भावाने विकणे म्हणजे मोत्याची नथ काचमण्यांत तोलण्यासारखे आहे.

काळजी आहे ती उरलेल्या एक-तृतीयांशाची. त्यातही सर्वांत प्रथम बॅटरीची. मोटारीच्या साध्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, आणि तिच्यात गंधकाचे आम्ल असते. शिशाला भाव चांगला, म्हणून कोठे कोठे आडबाजूला चूल मांडून बॅटऱ्या फोडतात, आम्ल मातीत ओततात आणि शिसे कढईत वितळवतात. ह्या धंद्याचे फळ काय, ते आफ्रिकेतील सेनेगल देशात दिसून आले. राजधानी डाकारच्या उपनगरात, थियारोय-सुर-मेर येथे, बॅटरीतील शिसे काढण्याचे काम लोक घरगुती पातळीवर करीत असत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या अवघ्या काही महिन्यांत तेथील अठरा मुले दगावली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासात तेथील मुलांच्या आणि मातांच्या रक्तात शिशाचे विष आढळले. मुले अंगणातील मातीत खेळत होती, एवढाच त्यांचा अपराध. शिशाला वास नाही, चव कळत नाही. जेथे मूल मरत नाही तेथेही त्याची बुद्धी मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही, पोट दुखते, अंगात रक्त राहत नाही. आणि आईबापांस कारण उमगत नाही. शिक्षणफंडाला दरसाल देणगी द्यावयाची आणि मागील दारी मुलाच्या बुद्धीवर विष घालावयाचे, ह्यासारखी विसंगती दुसरी नसेल.

म्हणून बॅटरी घरी फोडू नये, फोडणाऱ्याला विकू नये. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी आणि तिचे पैसे वजा करून घ्यावे. हीच ती जुनी मोडीची रीत. सन २००१ पासून ह्यासाठी देशात नियम आहेत, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोठ्या बॅटऱ्याही त्यांत आल्या. त्या बॅटऱ्यांना तर अशिक्षित हाताने स्पर्शही करू नये. त्यांतील विजेचा दाब जीवघेणा असतो, आणि त्यांना लागलेली आग सहजासहजी विझत नाही.

दुसरी वस्तू काळे तेल. एका मोटारीच्या इंजिनातून दर खेपेस तीन-चार लिटर तेल निघते, ट्रकमधून त्याच्या कित्येक पटीने. पूर्वीपासून हे तेल वाळवीसाठी लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, कोणी भट्टीत जाळतात, आणि उरलेले गटारात सोडतात. जळलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचा आणि काजळीचा अंश असतो. थोड्याशा तेलाचा तवंग विहिरीचे सारे पाणी नासवून टाकतो. वस्तुतः हे तेल शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येते. त्यासाठी नोंदणीकृत कारखाने आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याने ते तेल विकत घेतात. गॅरेजवाल्याने करावयाचे ते एवढेच, की झाकणाच्या पिंपात तेल साठवावे, त्यात पाणी, पेट्रोल किंवा ब्रेकचे तेल मिसळू देऊ नये, आणि पिंप छपराखाली ठेवावे. मिसळलेल्या तेलाला कोणी घेत नाही. रेडिएटरमधील हिरवे-गुलाबी शीतक द्रव्य चवीला गोड असते. उघड्या बादलीत ठेवले तर कुत्री आणि गुरे ते पितात आणि मरतात. त्याचे पिंप निराळे ठेवावे.

तिसरी वस्तू टायर. टायरच्या वहाणा, विहिरीवरचे मोटेचे साहित्य, उसाच्या टायरगाड्या, असा त्याचा पुनरुपयोग आपल्या लोकांनी कधीच शोधून काढला होता. परंतु जितके टायर आज निघतात तितक्या टायरगाड्या आता कोण करणार? उघड्यावर टाकलेल्या टायरात पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आपल्या हवेत तर त्याला आषाढापासून दिवाळीपर्यंत सुकाळच. हिवाळ्यात शेकोटीला टायर जाळणे हे त्याहून वाईट. सन २०२२ पासून टायर बनवणाऱ्यांवरही जुन्या टायरांची जबाबदारी आली आहे. टायरचा भुगा रस्त्याच्या डांबरात आणि रबरी चटयांत वापरता येतो. दुकानदाराकडे जुना टायर ठेवून येणे हाच सोपा मार्ग आहे.

आता जी सूचना करतो ती हातात हातोडा घेणाऱ्या मुलांसाठी आहे, त्यांनी नीट ऐकावी. जुन्या ब्रेकलायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीने धूळ उडवण्याची सवय आहे, ती सोडा. ओल्या फडक्याने पुसा. ॲस्बेस्टॉसचा तंतू आज फुप्फुसात गेला तर त्याचा रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. शॉकॲब्सॉर्बर कधीही भट्टीत घालू नका; आत कोंडलेले तेल आणि वायू तापून तो बॉम्बसारखा फुटतो. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी गॅसने कापू नका. पेट्रोल संपलेले असले तरी वाफ शिल्लक असते. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवून त्याचा पांढरा धूर घेऊ नका. रात्री थंडी वाजून ताप भरेल. नव्या गाड्यांत हवेची उशी असते, तिच्या मागे स्फोटक द्रव्य असते. शिकलेल्या माणसावाचून ती सोडवू नका. मोटार उकलावयास घेतली की प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी, नंतर इंधन आणि तेले काढून घ्यावी, आणि मगच पान्याला हात घालावा. वातानुकूलनाचा वायू हवेत सोडणे हे घातक आहे. तो यंत्राने काढून घेतात.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, जुनी गाडी लौकर टाकून देण्यापेक्षा ती दुरुस्त करून वापरणे बरे नव्हे काय? अवश्य बरे, आणि त्यातच आपले कौशल्य आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावली, ती मिस्त्रींच्या हातगुणावर. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस ती टॅक्सीच्या रांगेतून कायमची गेली. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर एका गाडीचा चालता भाग दुसरीला बसवणे हे मिस्त्रीला करावेच लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे भाग मिळावयाचे, हे आपल्यातील ज्येष्ठांना ठाऊक आहे. वापर, दुरुस्ती, सुट्या भागांचा पुनरुपयोग, आणि अगदी अखेरीस भट्टी, असा हा क्रम आहे. फक्त ब्रेक, स्टिअरिंग, हवेची उशी आणि सीटबेल्ट ह्यांच्या बाबतीत जुन्या भागाचा लोभ धरू नये. तेथे वाचवलेले शंभर रुपये घाटातील एका वळणावर फार महाग पडतात.

परंतु प्रत्येक गाडीचा अंत येतोच, आणि त्या वेळी कायदा काय सांगतो ते प्रत्येक कुटुंबप्रमुखाने जाणून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. बहुतेक लोक असे करीत नाहीत. भंगारवाला दारात येतो, रोख पैसे मोजतो, गाडी ओढून नेतो. नोंदणीपुस्तक मात्र कपाटात राहते किंवा त्याच्या हाती जाते. कागदावर गाडी जिवंतच असते, आणि तिचा मालकही आपणच असतो. तिची पाटी किंवा सांगाड्याचा क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवला गेला, तर पोलीस प्रथम आपल्या दारी येतात.

ह्यासाठी सन २०२१ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांचे नियम केले. गाडी कोठेही नोंदलेली असो, देशातील कोणत्याही अशा केंद्रात ती देता येते. केंद्राचे लोक गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर कर्ज किंवा देणे बाकी नाही ना, हे तपासतात आणि मालकाला निक्षेप प्रमाणपत्र देतात. नवी गाडी घेताना ते दाखवल्यास नोंदणी शुल्क माफ होते आणि राज्याने ठरवल्याप्रमाणे करात सूट मिळते. खासगी गाडीसाठी केंद्राने ह्या सवलतीची कमाल मर्यादा शेकडा पंचवीस ठेवली आहे. म्हणजे पाहा, सरकारने शेवटी आपल्या आजीची मोडीची पद्धतच स्वीकारली! मोडणीनंतर सांगाड्यावरील क्रमांकाचा तुकडा कापून केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो, म्हणून त्याचा गैरवापर होत नाही. पुढे २०२५ च्या १ एप्रिलपासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे पर्यावरणविषयक नियम लागू झाले. त्यांनुसार गाडीचे आयुष्य संपल्यावर १८० दिवसांच्या आत मालकाने ती अधिकृत ठिकाणी जमा करावयाची आहे, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही मोडीचे पोलाद परत मिळवण्याचे बंधन आले आहे.

ह्या संदर्भात अपघातातील गाड्यांविषयी दोन शब्द सांगतो. पोलीस ठाण्याच्या आवारात गवत माजलेल्या, गंजलेल्या गाड्या आपण पाहतोच. कित्येक मालकांना वाटते, की गाडी एकदा जप्त झाली म्हणजे संपलेच. तसे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य ह्या २००२ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे सडत ठेवू नयेत. योग्य ते बंधपत्र घेऊन ती मालकाला द्यावीत, आणि कोणी पुढे न आल्यास लिलाव करावा. आपल्या घरातील एखादी गाडी अशी पडून असल्यास वकिलाच्या सल्ल्याने अर्ज करावा. विधवा भगिनींच्या बाबतीत मंडळाने स्वतः पुढाकार घ्यावा, कारण पतीच्या अपघाताची गाडी सोडवून आणण्याचे त्राण त्या वेळी त्यांच्यात नसते.

आता मी ह्या भाषणातील सर्वांत नाजूक भागाकडे येतो. नवे नियम चांगले आहेत. पण मोठी मोडणी केंद्रे मोठ्या भांडवलाची असतात. रस्त्याकडेला छोटे दुकान घालून गाड्या उकलणारा आपला बांधव त्या नियमांत कोठे बसतो? पिंपरी-चिंचवडमधील कुदळवाडीची हकीगत आपल्या शेजारची आहे. तेथे भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने वर्षानुवर्षे दाटीवाटीने वाढत गेले, वरचेवर आगी लागल्या, धुराने आसपासचे लोक त्रासले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे काही दिवसांत जमीनदोस्त केली. ते योग्य झाले की अयोग्य, ह्यावर दोन मते आहेत. परंतु ज्यांची भाकरी त्या पत्र्याच्या शेडखाली होती, ती माणसे एका आठवड्यात उघड्यावर आली, ह्याविषयी दोन मते नाहीत. परवाना नाही, नोंद नाही, सुरक्षितता नाही, अशा धंद्याला कोणी वाली राहत नाही. ती पाळी आपल्यावर येण्याची वाट पाहत बसावयाचे काय?

मला असे वाटते, की ह्या स्थित्यंतराकडे भीतीने न पाहता संधी म्हणून पाहावे. २०२५ च्या नियमांत संकलन केंद्रांची कल्पना आहे. आपल्यातील चार-सहा दुकानदारांनी सहकारी तत्त्वावर एकत्र यावे, फरसबंदी आणि छप्पर असलेली एक जागा घ्यावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि परिवहन खात्याची रीतसर माहिती घ्यावी, आणि मोठ्या केंद्राशी करार करून गाड्या, बॅटऱ्या, तेल गोळा करण्याचे काम हाती घ्यावे. मुलांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करावा. मोडणी केंद्राला केवळ हमाल नको असतात, कोणता भाग कशाचा आहे हे ओळखणारी माणसे हवी असतात. आणि ज्यांच्या घरी भाता अजून पेटतो, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे पाच टक्के व्याजाचे कर्ज तीत मिळते. कमानीच्या पाट्याचा उत्तम विळा घडवून त्यावर आपला छाप उठवणारा एखादा तरुण ह्या मावळात निघाला, तर त्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

शेवटी प्रत्येक कुटुंबाला चार गोष्टींची विनंती करतो. पहिली, नवी बॅटरी आणि नवा टायर घेताना जुना तेथेच द्यावा आणि पावती घ्यावी. दुसरी, काळे तेल जमिनीवर किंवा ओढ्यात एक थेंबही सांडू नये. तिसरी, जुनी गाडी नोंदणी रद्द केल्यावाचून आणि प्रमाणपत्र हाती आल्यावाचून कोणाच्याही स्वाधीन करू नये. वडिलांची आठवण म्हणून अंगणात गंजत ठेवलेल्या गाडीलाही हाच नियम. आठवण ठेवावयाची तर तिचा दिवा किंवा चाकाची टोपी घरात ठेवावी. सांगाड्याने अंगण अडवण्याची आणि त्याखाली सापविंचवांना थारा देण्याची गरज नाही. आणि चौथी, ज्या घरात शिसे, तेल, ब्रेकची धूळ ह्यांच्याशी संबंध येतो, तेथील पुरुषांनी कामाचे कपडे बाहेर उतरवून हातपाय धुतल्यावाचून लेकरू उचलू नये. हा नियम गृहिणींनी मोडू देऊ नये. त्यांच्या हुकुमापुढे आपल्या ज्ञातीतील मोठमोठे मिस्त्री नमतात, असा अनुभव आहे.

मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. त्याच्या आधीच्या रविवारी लोणावळे, कामशेत आणि वडगाव अशा तीन ठिकाणी सर्वांनी आपापल्या घरची निकामी बॅटरी, तेल, टायर आणून द्यावेत, आणि मंडळाने ते परवानाधारकाकडे एकत्र पाठवावेत. विक्रीतून जे काही पैसे येतील ते शिक्षणफंडात जमा व्हावेत. घरची अडगळ जाईल, नदी वाचेल, आणि एखाद्या मुलाची वर्षाची पुस्तके निघतील. ह्याहून चोख मोड ती कोणती?

लोखंडाला गंज चढतो तो आळसाचा. वापरलेले लोखंड झिजते, परंतु गंजत नाही. आपल्या समाजाची विद्याही तशीच आहे. ती वापरात ठेवावी, पुढच्या पिढीच्या हाती स्वच्छ करून द्यावी, एवढीच प्रार्थना.